जिन्याचं काम देताय? आधी उघडून बघा, मग भाव ठरवा

जुन्या घरात धंदा सुरू करण्यावरच्या व्हिडिओत लाकडी जिन्याचा विषय दोन वाक्यांत उरकावा लागला. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त पैसे आणि दिवस वाया जातात ते याच कामात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात हा प्रश्न खरा आहे. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत महाराजांचे बारा किल्ले गेले, त्यात शिवनेरी आहे. लेण्याद्री आणि ओझरला अष्टविनायकाची गर्दी असतेच. भीमाशंकरला जाणारी वाहनं मंचर-घोडेगाववरून जातात. जुन्नरच्या पेठांत, ओतूरला, घोडेगावात अजून अशी घरं उभी आहेत की खाली दुकान किंवा ओसरी, वर माडी, आणि माडी वर्षानुवर्षं रिकामी. कुणाला तिथे होमस्टे काढायचाय, कुणाला मेस, कुणाला शिवणक्लास. वर जायला मात्र एकच वाट, आणि ती म्हणजे आजोबांच्या काळचा लाकडी जिना.

घरातली पाच-सहा माणसं तो जिना अनवाणी, सवयीने चढत आली. कुठली पायरी वाजते, कुठे डोकं वाकवायचं हे त्यांच्या पायाला पाठ असतं. तुमच्या गिऱ्हाईकाला ते माहीत नसतं. तो बूट घालून, हातात बॅग घेऊन, रात्री मोबाइल बघत उतरणार आहे. त्यामुळे घरचा जिना आणि धंद्याचा जिना या दोन वेगळ्या वस्तू समजा.

आधी अर्धा तास तुमचा

कुणालाही बोलावण्याआधी एक टॉर्च, एक मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि मोजपट्टी घ्या. जिन्याच्या खालच्या बाजूला जा. वरून जिना सगळ्यांचाच बरा दिसतो, खरी गोष्ट खालून कळते. बहुतेक घरांत जिन्याखाली पोती, जुने डबे, सरपण कोंबलेलं असतं. ते पूर्ण बाहेर काढा.

बाजूची दोन तिरकी लाकडं जमिनीला टेकतात ती जागा सगळ्यात आधी तपासा. वाळवी जमिनीतून येते आणि मातीच्या बारीक नळ्या करत वर चढते. फरशी धुतलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरलेलं असतं. बऱ्याच जुन्या वाड्यांत पहिली पायरी दगडाची असायची ती यासाठीच: लाकडाचा पाय ओलीपासून वर राहावा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडात दाबून बघा. चांगलं सागवान टोकाला दाद देत नाही. टोक लोण्यासारखं आत गेलं, तर वरची पायरी कितीही चकचकीत असो, काम मोठं आहे. मग प्रत्येक पायरीवर मुठीने ठोका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कुणालाही कळतो. पायरीखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं, तर लाकूड पोखरणारी कीड आहे. तिचा इलाज वाळवीपेक्षा वेगळा असतो, हे बोलणं करताना सांगा.

मग मापं. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच सांगितली आहे. वाड्यातले जिने, विशेषतः भिंतीच्या जाडीत बसवलेले, याहून खूप उभे आणि अरुंद असतात. पॉलिश करून उभा जिना आडवा होत नाही. दोन्ही बाजूंना हाताला धरायचा दांडा, प्रत्येक पायरी दिसेल असा उजेड, आणि डोक्याला लागणाऱ्या तुळईवर ठळक खूण, एवढं करता येतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वर तीस-चाळीस मुलांचा क्लास काढायचा असेल आणि उतरायला हा एकच लाकडी जिना असेल, तर दुरुस्तीचा विचारच करू नका. आग लागली तर धूर याच वाटेने वर येणार आणि मुलंही याच वाटेने खाली येणार. बाहेरून दुसरा जिना करायची सोय नसेल तर क्लासला दुसरी जागा बघा. चार खाटांचा होमस्टे वेगळा, चाळीस मुलं वेगळी.

सुतार कुठला बोलवायचा

हल्ली गावात सुतार म्हटलं की बहुतेक वेळा प्लाय-लॅमिनेटचं फर्निचर करणारा कारागीर मिळतो. किचन ट्रॉली, कपाट, पलंग यात त्याचा हात बसलेला असतो. जिना म्हणजे इमारती काम. तिथे भार पेलणारं जाड लाकूड असतं, खाचेत बसवलेले सांधे असतात, एक पायरी काढताना शेजारची हलते. दोघांचं कसब वेगळं. फर्निचरवाला वाईट नसतो, पण त्याच्या डोक्यात पहिला उपाय हाच येतो: "साहेब, वरून प्लाय मारून देतो, एकदम नवीन दिसेल."

या वाक्याला भुलू नका. पाऊण इंची प्लाय प्रत्येक पायरीवर चढवला की काय होतं बघा. समजा सगळ्या पायऱ्या आठ इंचाच्या आहेत. पहिली पायरी जमिनीपासून पावणेनऊ इंच होते, मधल्या आठच राहतात, आणि शेवटची, माडीच्या जमिनीला मिळणारी, सव्वासात इंच. माणसाचा पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता चालतो. नेमका वरच्या टोकाला तो अडखळतो, आणि जिन्यात पडण्याची सगळ्यात वाईट जागा तीच. शिवाय प्लायखाली कुजकी फळी तशीच राहते, वाळवीला झाकण मिळतं.

इमारती सुतार शोधायचा तर लाकडाच्या वखारीत जा. वखारवाल्याला विचारा, "जाड सागवान कापून कोण नेतो?" दारं-चौकटी करणारी माणसं त्याला माहीत असतात. गावातल्या मंदिराच्या लाकडी सभामंडपाचं किंवा एखाद्या वाड्याच्या तुळयांचं काम अलीकडे कुणी केलं, हेही विचारा. नाव मिळालं की त्याचं एक जुनं काम जाऊन बघा. नवं बघू नका, दोन-तीन पावसाळे खाल्लेलं बघा. नवा जिना सगळेच छान करतात.

पॉलिशवाला हा बहुतेक वेळा तिसराच माणूस असतो. सुतार म्हणतो पॉलिशवाल्याने खराब केलं, पॉलिशवाला म्हणतो लाकूडच ओलं होतं. त्यामुळे दोघांना वेगवेगळं काम देणार असाल तर पॉलिश सुरू व्हायच्या आधी दोघांना एकाच वेळी जिन्यापाशी उभं करा आणि पॉलिशवाल्याकडून "लाकूड ठीक आहे, मी घेतो" असं वदवून घ्या. किंवा सगळं एकाच्या अंगावर द्या आणि थोडे जास्त पैसे जाऊ द्या. नवख्या माणसाने दुसरा मार्ग घ्यावा असं मला वाटतं.

उघडायचा दिवस

आता मुद्द्याचं. आपल्याकडे काम द्यायच्या दोन पद्धती: रोजाच्या हजेरीवर किंवा उक्तं. दुरुस्तीत दोन्ही फसतात. हजेरीवर दिलं तर चार दिवसांचं काम नऊ दिवस चालतं. उक्तं दिलं तर सुतार आत काय निघेल या भीतीने भाव फुगवून सांगतो. नाहीतर कमी सांगून काम धरतो आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो, "दादा, आतलं लाकूड गेलंय, हे ठरलं नव्हतं." तोवर तुमचा जिना उघडा पडलेला असतो. दुसरा माणूस दुसऱ्याचं उघडलेलं काम हातात घेत नाही. मग तो सांगेल तो भाव द्यावा लागतो. यात दर वेळी सुतार लबाड असतो असं नाही. त्याला खरंच आतलं दिसलेलं नसतं. न बघितलेल्या वस्तूचा भाव दोघांनी ठरवला, चूक तिथे आहे.

म्हणून काम दोन तुकड्यांत द्या. पहिला दिवस फक्त उघडायचा. त्या दिवसाची मिस्त्री आणि मदतनीस दोघांची हजेरी रोख द्या, पुढचं काम त्यांना मिळो न मिळो. त्या दिवशी त्यांनी दोन-तीन संशयित पायऱ्या सोडवायच्या, जिन्याखालची तक्तपोशी असेल तर एक फळी काढायची, जमिनीजवळचा पाय खरवडून बघायचा. प्रत्येक पायरीला खडूने नंबर टाका, खालून एक. संध्याकाळी तिघांनी मिळून प्रत्येक नंबरासमोर लिहा: ठेवायची, उलटवायची, बदलायची. उलटवायची म्हणजे? जुनी जाड फळी वरून झिजलेली असली तरी खालून शाबूत असते. ती पालथी बसवली की नवी. हा उपाय चांगला सुतार स्वतःहून सुचवतो. नुसतं "सगळं बदलू" म्हणणाऱ्याकडे जरा सावध बघा.

सोडवलेल्या पायऱ्या त्याच संध्याकाळी परत बसवून घ्या, तात्पुरत्या का होईना. म्हणजे दुसऱ्याचा भाव घ्यायला तुम्ही मोकळे राहता. आता उक्तं ठरवा. आता त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

एका दिवसाची हजेरी वाया गेली असं वाटेल. हिशोब करून बघा. समजा जिना उघडा पडून होमस्टे आठ दिवस उशिरा सुरू झाला. दोन खोल्यांचं आठ रात्रींचं भाडं आणि एक हजेरी, कुठला आकडा मोठा?

चिठ्ठी

करारनामा, स्टॅम्पपेपर वगैरे घाबरवणारे शब्द वापरायची गरज नाही. वहीच्या पानावर चिठ्ठी करा, दोघांच्या सह्या, दोघांकडे फोटो. साधारण अशी:

"जिना १४ पायऱ्या. नं. १, २, ९ नवीन सागवान, दीड इंच जाड, रंधा मारून. नं. ५, ६ उलटवणे. बाकी खालून पाचर आणि स्क्रू मारून आवाज बंद करणे, खिळे नाही. दोन्ही बाजूंना दांडा. जुना रंग काढणे, पॉलिश पेपर, मॅट पीयू. लाकूड मालकाचे, स्क्रू-फेविकॉल-पेपर मिस्त्रीचे. पॉलिशचा माल पावतीप्रमाणे. काढलेलं लाकूड मालकाकडे राहील. जिना पूर्ण बंद: जास्तीत जास्त ३ दिवस. जादा काम निघाल्यास आधी सांगून, लिहून."

"काढलेलं लाकूड मालकाकडे राहील" ही ओळ लोक विसरतात. जुन्या सागवानाला बाजार आहे. अर्धी कुजलेली फळी कापून तिच्यातून दांड्याचे कंस, पाचरी, खिडकीची पट्टी निघते.

पैसे एकदम देऊ नका. मालासाठी थोडा अॅडव्हान्स, सुतारकाम संपून तुम्ही स्वतः प्रत्येक पायरीवर उडी मारून बघितल्यावर मोठा हप्ता, आणि शेवटची काही रक्कम पॉलिशनंतर पंधरा दिवसांनी. पंधरा दिवस कशाला? सैल राहिलेली पायरी आणि ओल्या लाकडावरचं पॉलिश, दोन्ही तेवढ्यात बोलायला लागतात.

लाकडाचा हिशोब

लाकूड घनफुटावर मिळतं आणि इथे नवखा माणूस गडबडतो. सूत्र सोपं: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. तीन फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाड पायरी म्हणजे ३ गुणिले १० गुणिले १.५, म्हणजे ४५. भागिले १४४, म्हणजे साधारण ०.३१ घनफूट. तीन पायऱ्यांना ०.९४. रंध्यात आणि कापण्यात जाणारं धरून सव्वा घनफूट घ्या. कुणी तीन पायऱ्यांसाठी तीन घनफूट सांगितलं तर शांतपणे कागद पुढे करा.

दीड इंच हे माप रंधा मारण्याआधीचं की नंतरचं, तेही विचारा. दोन्हीकडे रंधा बसला की जाडी कमी भरते.

शक्य असेल तर पाडलेल्या घराचं जुनं सागवान घ्या. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये लाकडाचा मोठा व्यापार आहे, पण आपल्याच तालुक्यात जुनं घर उतरवलं जात असतं, तिथेही चौकशी करा. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड आता वळत नाही. नव्या ओल्या लाकडाची पायरी पहिल्याच उन्हाळ्यात आकसते आणि पुन्हा वाजायला लागते. जुन्या लाकडात मोडके खिळे असतात, ते आधी काढून घ्या, नाहीतर रंध्याचं पातं गेलं म्हणून मिस्त्री तुमच्या नावाने बोटं मोडेल, आणि ते रास्त असेल.

पॉलिश

चपड्याचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, दिसायला सगळ्यात देखणं. पण पाणी सांडलं की पांढरा डाग, आणि रोजच्या चपलांखाली लवकर झिजतं. कठड्याला आणि दांड्याला चालेल, पायरीला नको. पायरीला पीयू टिकतं, महाग असतं. त्यातही चकचकीत घेऊ नका, मॅट घ्या. बेलतेल हा तिसरा मार्ग. स्वस्त आहे आणि दरवर्षी तुम्ही स्वतः हात मारू शकता, पण धूळ धरतं.

बेलतेलाची एक गोष्ट मिस्त्रीलाही सांगा. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटू शकतात. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. आणि पीयू-थिनरचं काम चालू असताना खाली मेसचा गॅस, देवाची समई, उदबत्ती सगळं बंद. थिनरची वाफ जड असते, ती जिन्यावरून खालीच उतरते.

जुन्या जिन्यावर ऑइलपेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू देऊ नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती होतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ती धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. पाणी मारून घासा, मास्क लावा, मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात नको.

हंगाम सांभाळा. आपल्या पश्चिम भागात, आपटाळे-डिंभ्याकडे, पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की पॉलिश पांढरट पडतं. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे महिने उत्तम. मे महिन्यात मिस्त्री लग्नसराईच्या कपाट-पलंगात अडकलेला असतो, त्याला आधीच गाठा.

जिना बंद, धंदा चालू

जिना एकच असेल तर एक सोडून एक पायरी पॉलिश करून घ्या. आज १, ३, ५, ते वाळल्यावर २, ४, ६. ज्या पायऱ्यांवर पाय द्यायचा त्यांना खडूने खूण करा. पॉलिशवाला कुरकुर करतो, कारण त्याची फेरी वाढते. म्हणून ही गोष्ट चिठ्ठीतच घाला. घरात म्हातारं माणूस असेल तर मात्र ही कसरत नको, दोन रात्री त्यांची खाली झोपायची सोय करा.

जागा भाड्याची असेल तर

आधी भाडेकरार काढून दुरुस्तीचं कलम वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ जिथे लागू आहे तिथे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, जागा चांगल्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम १४ प्रमाणे किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. मोडकी पायरी दुरुस्तीत बसते. तुमच्या होमस्टेला शोभेल असं मॅट पीयू मालक देणार नाही, आणि त्याने का द्यावं? हे दोन खर्च सुताराच्या बिलातच वेगळे लिहून घ्या. मालकाशी बोलताना उघडायच्या दिवशीचे फोटो सोबत न्या, त्याने सूर बदलतो.

आणि तुम्ही स्वतः सुतार असाल तर

हा लेख उलट्या बाजूने वाचा. आपल्या दोन तालुक्यांत जुनी घरं पर्यटनासाठी उघडतायत आणि इमारती लाकडात हात बसलेली माणसं कमी होतायत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे: प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी सीएससी केंद्रातून होते, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो.

गिऱ्हाईकाला "उघडायचा दिवस" तुम्हीच सुचवा. त्या दिवसाची ठराविक फी ठेवा, नंबर टाकलेल्या पायऱ्यांचा कागद आणि फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि "पुढचं काम दुसऱ्याला द्यायचं तर खुशाल द्या" असं तोंडाने सांगा. वाळवीचा बंदोबस्त स्वतः करू नका, त्या कामाचा माणूस जोडून ठेवा. आणि दरवर्षी दिवाळीनंतर एक फेरी लावा: सैल स्क्रू आवळणे, दांडा हलवून बघणे, झिजलेल्या काठावर एक हात पॉलिश. अर्ध्या दिवसाचं काम आहे. होमस्टेवाला सीझन सुरू व्हायच्या आत त्यासाठी आनंदाने पैसे देतो.